चार भारे पातेरा

डोंगरावरचं रान तोडून माझ्या मोठ्या जावेने, दीप्तीवहिनींनी, काजू लावला, तशी रानातली माकडंही त्यांच्याच बागेत उतरली. काजू त्यांचा, कौतुक त्यांचं, आता माकडंही त्यांचीच! मी आपली कुंपणाबाहेरून जळत राहायची.

मार्चमध्ये वहिनी म्हणाल्या, "बागेत दोन माकडं मेली गो. पातेऱ्यात गोचीड असतील, चावले तर माकडताप येतो. कोणी आत पाय ठेवू नका."

सुकी पानं द्यायला नकोत म्हणून केवढी ती सबब! त्या माहेरी गेल्या त्याच दुपारी मी चार भारे पातेरा आणला आणि गोठ्यात गाईखाली अंथरला. माझी तीन वर्षांची अन्वी त्यात खिदळत लोळली.

आठवड्यात अन्वी तापाने फणफणली. घरी आलेल्या सिस्टरनी विचारलं, "काजूच्या बागेशी संबंध आला होता का हिचा? तसं असेल तर आत्ताच रत्नागिरीला न्यायला हवं."

माहेरून परतलेल्या वहिनी अन्वीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्या माझ्याआधीच म्हणाल्या, "छे हो! मी बजावलं होतं. माझी धाकटी जाऊ माझा शब्द मोडायची नाही."

 

"मोडला, वहिनी," मी म्हणाले. "गाडी बोलवा."