मान हलवू नकोस

"काका, उचलू नका तिला. हात काढा आधी."

शेजारचे काका जागच्या जागी थांबले. थोरलीच्या काखेत त्यांनी हात घातलेच होते. जिन्याच्या वळणावर ती उताणी पडली होती. धुतलेले कपडे घेऊन गच्चीवर निघाली होती, पाय सटकला आणि बादलीसकट खाली आली. पायऱ्यांवर ओले टॉवेल, अभ्रे, ओढण्या पसरल्या होत्या. तिचं उजवं मनगट भलतीकडेच वाकलं होतं. पण तळमजल्यावरून धावत आलेल्या धाकटीचं लक्ष मनगटाकडे नव्हतं.

"मान दुखतेय?"

थोरली होकार द्यायला मान हलवणार, तोच धाकटीने गुडघे टेकून तिचं डोकं दोन्ही हातांत धरलं.

"मान हलवू नकोस. काय असेल ते तोंडाने सांग."

बोलून गेल्यावर तिला कळलं, आपण हे कुणाला सांगतोय. या दोघी सख्ख्या बहिणी एकाच घरात वरखाली राहत होत्या आणि एकमेकींशी चकार शब्द बोलत नव्हत्या. आई घसरून पडली, तिच्या खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा धाकटी म्हणाली ऑपरेशन करू. थोरली नको म्हणाली. आईचं हृदय आधीच थकलेलं, तिला ते झेपणार नाही, असं तिचं म्हणणं. आई अंथरुणातून उठली नाही ती नाहीच. ती गेली त्या दिवशी धाकटी चारचौघांत म्हणाली, "तू खिळवलंस तिला अंथरुणाला." तेव्हापासून थोरलीच्या तोंडाला कुलूप. निरोप असला तर नवऱ्याकरवी. जिन्यात गाठ पडलीच, तर नुसती मान हलवायची.

आता तीच मान धाकटीच्या तळव्यांमध्ये होती.

थोरली छताकडे बघत म्हणाली, "दुखतेय. मागे, मधोमध."

धाकटी पोहायला शिकवायची. उथळ पाण्यात सूर मारून मानेवर आपटलेला एक तरणाताठा पोरगा तिने पाहिला होता. तिने कोपरं जमिनीला टेकवली आणि विचारलं, "पायाची बोटं हलतात का बघ. फक्त बोटं."

चप्पल केव्हाच निसटली होती. बोटं हलली. दोन्ही पायांची.

"मुंग्या, बधिरपणा काही?"

"नाही."

धाकटीचा अर्धा जीव भांड्यात पडला. उरलेला अर्धा टांगलेलाच होता, कारण मान दुखत होती. काकांनी ॲम्ब्युलन्सला फोन केला. मग तिने सांगितलं तसं त्यांनी घरातून एक जाड मासिक आणलं आणि वाकलेलं मनगट सरळ करायच्या फंदात न पडता, आहे तसंच त्यावर अलगद टेकवून ओढणीने बांधलं.

"घट्ट नको, काका. बोटं निळी पडता कामा नयेत."

"मी ऑफिसात आयुष्यभर फायलीच बांधल्या गं," काका म्हणाले. थोरलीला हसू आलं.

"हसूही नकोस," धाकटी म्हणाली.

ॲम्ब्युलन्स लवकर येईना. धाकटीच्या पाठीत कळ भरली, गुडघे फरशीवर सोलवटले. काका म्हणाले, थोडा वेळ मी धरतो. तिने नको म्हटलं. वरून ती बहिणीचा चेहरा उलटा बघत होती. कपाळावरचे केस चांगलेच पिकले होते. इतक्या जवळून तिने तो चेहरा किती तरी दिवसांत पाहिला नव्हता.

"ठमे," थोरलीने हाक मारली. या नावाने हाक मारणारं आता दुसरं कुणी उरलं नव्हतं. "मी घाबरले होते गं तेव्हा. टेबलावरच गेली असती आई, तर तुला काय तोंड दाखवलं असतं?"

"डॉक्टरही तेच म्हणाले होते, ताई. मला ऐकायचं नव्हतं."

तिच्या डोळ्यांतलं पाणी टपकन थोरलीच्या कपाळावर पडलं. पुसायला हात मोकळा नव्हता. थोरलीनेही ते तसंच राहू दिलं.

मग गळपट्टा आला, स्ट्रेचर आलं. दवाखान्यात फोटो निघाले. धाकटी बाहेरच्या बाकावर पाय चोळत बसली. डॉक्टर हसत बाहेर आले. मनगट मोडलं होतं, ते प्लास्टरमध्ये जुळून येणार होतं. मानेचे मणके शाबूत होते. मानेला नुसताच हिसका बसला होता.

"पण तुम्ही धरून ठेवलंत ते योग्यच केलंत," ते म्हणाले. "फोटो बघितल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही."

आत थोरली उशीला टेकून बसली होती. गळपट्टा काढला होता. तिने मान इकडून तिकडे सहज वळवून दाखवली.

"आता नाही ना दुखत?" धाकटीने विचारलं.

"आता कुठली? काका मासिक आणायला गेले ना, तेव्हाच दुखायची थांबली होती."

"आणि मी तासभर गुडघे फोडत बसले! सांगायचं नाही का?"

थोरलीने चांगला हात पुढे करून तिचा हात धरला.

"सांगितलं असतं, तर तू सोडलं असतंस."