गावाखालचा गॅस

बेबीताईंनी छाती भरून फुंकणी फुंकली, पण चुलीतल्या कपाशीच्या ओल्या पऱ्हाट्या नुसत्याच धुमसत राहिल्या. अंगणातल्या खाटेवर गॅस कंपनीचे मोठे साहेब बसले होते. सरपंच पुन्हा दारात डोकावले. "लवकर करा ना ताई, साहेब केव्हाचे बसून आहेत!"

"सिलिंडर संपून महिना झाला, भाऊ. एजन्सीवाला म्हणते, वरूनच गाडी नाही आली. मग का डोक्यावर उकळू चहा?"

खिडकीतून शेतापलीकडची गॅसची नवी विहीर दिसत होती. जमिनीत खोलवर जोरानं पाणी सोडून खडक फोडायचा आणि त्यात अडकलेला गॅस वर काढायचा, असं काम तिथं चाललं होतं. चाचणीत निघालेला गॅस पाइपाच्या तोंडाशी रात्रंदिवस जाळून टाकत. तो झाडाएवढा जाळ पाहिला की बेबीताईंचा जीव तळतळायचा.

बाहेर साहेब सांगत होते, "तुमच्या गावाखाली एवढा गॅस आहे सरपंच, की उद्या देशाला कुणाच्या तोंडाकडे बघावं लागणार नाही."

एकदाचा चहा झाला. लाल झालेले डोळे पदरानं पुसत बेबीताईंनी कप नेऊन दिला. पहिल्याच घोटाला साहेबांनी डोळे मिटले. "वा! काय तो धुराचा वास! चुलीवरच्या चहाची सर गॅसला नाही हो, ताई. आणखी एक कप मिळेल?"

सरपंच कौतुकानं हसले. बेबीताई आत गेल्या, फुंकणी घेऊन आल्या आणि ती त्यांनी साहेबांच्या हातात ठेवली.

"मिळेल ना जी. चला, फुंका."