डावीकडे झुकणारी मान

दृष्टी गेलेल्या मास्तरांना जग दिसायचं ते डोक्यावर उडणाऱ्या ड्रोनच्या कॅमेऱ्यातून. तो ड्रोन फणसावर आपटला, तेव्हा दुरुस्ती करणाऱ्या रुबिनाने कॅमेऱ्याची मोडलेली मान, म्हणजे गिंबल, बदलली. जुनी मान सारखी डावीकडे खाली झुकायची. तो दोष समजून रुबिनाने ड्रोनच्या मेमरीतून ती सवयही पुसली.

ड्रोन उडाला.

"रस्ता दिसतोय," मास्तर म्हणाले, "पण आमची ही कुठे गेली?"

"अहो, इथंच तर आहे!" डावीकडे उभ्या, त्यांच्या खांद्यालाही न पोचणाऱ्या इंदुताई म्हणाल्या.

रुबिनाने जीभ चावली. पुसलेली सवय तिने परत घातली. "चुकलंच माझं, मावशी. तो दोष नव्हताच, यांची नजर सारखी तुमच्याकडे वळायची."

कॅमेऱ्याची मान हलकेच डावीकडे झुकली.

"हां, दिसलीस," मास्तर हसले. "पण रडतेस कशाला?"