दीड मैल दक्षिणेला

कापड गुंडाळलेली स्मारकाची पाटी पेट्रोल पंपासमोरच्या चौकात उभी होती. लुएला टॉलिव्हरला वाटलं, ती इथून उचलून झाडापाशी न्यायची असेल. चौकात गाड्या लावायला जागा आहे, तिथं जमू आणि मग सगळे मिळून झाडाकडे जाऊ, असं तिच्या धाकट्या भावानं, ऑटिसनंच तिला सांगितलं होतं. मग तिचं लक्ष खांबाच्या बुडाकडे गेलं. सिमेंट केव्हाच वाळून पांढरं पडलं होतं.

सगळं चर्च लोटलं होतं. बायकांनी ईस्टरला घालायच्या टोप्या घातल्या होत्या. याच बायकांनी पाटीचे पैसे जमवायला उन्हाळ्यामागून उन्हाळे तळलेल्या मासळीची ताटं विकली होती, आणि दर वेळी कढईपुढे घाम गाळत उभा असायचा तो ऑटिस. भाऊ असावा तर असा, म्हणायचे सगळे. लुएलाही म्हणायची.

कापड ओढायचा मान घरातल्या थोरल्या माणसाचा. लुएलानं दोरी ओढली, टाळ्या पडल्या, आणि बापाचं नाव उठावाच्या अक्षरांत बघून तिचे डोळे भरले. एमॉस टॉलिव्हर, शाळामास्तर. काळा असून मत दिलं म्हणून १९४६च्या उन्हाळ्यात गोऱ्यांच्या जमावानं त्याला घरातून ओढत नेऊन झाडाला टांगलं. तिनं लिहून दिलं होतं तसंच होतं सगळं. पहिली ओळ तेवढी तिची नव्हती. तिनं लिहिलं होतं, ‘या पेकनच्या झाडाखाली’. पाटीवर होतं, ‘इथून दीड मैल दक्षिणेला’.

इतिहास खात्याची तरुण बाई कापडाची घडी तिच्या हातात द्यायला आली. ती घरच्यांनी आठवण म्हणून ठेवायची असते. लुएलानं तिला हळूच विचारलं, की पाटी झाडापाशी का नाही लावली.

“जागेच्या मालकानं सही नाही दिली, मॅम. मग जवळच्या सरकारी जागेतच लावावी लागते.” बाई गोंधळली होती. “मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल.” बोलता बोलता तिची नजर ऑटिसकडे गेली.

झाड ऑटिसच्या वाट्याच्या जमिनीत होतं. त्याच झाडाच्या सावलीत तो पीच विकायचा.

तो हॅट हातात घेऊन तिची कड चाचपत उभा होता. परक्या कुणी नाही म्हटलं असतं तर लुएला भांडली असती. भांडायची तिला जन्माची सवय होती. पण ज्याला कडेवर घेऊन वाढवलं, त्यानंच केसानं गळा कापला होता, आणि वर तिच्या शेजारी उभा राहून टाळ्याही वाजवल्या होत्या. पास्टरनं प्रार्थना सांगितली तेव्हा तिचे ओठ हलले नाहीत.

परत जाताना गाडी ऑटिसच चालवत होता.

“ताई, लोक समुद्रावर निघालेले असतात,” तो अखेर म्हणाला. “पोराबाळांना घेऊन थांबतात, दोन पीच खातात, हसतात. ती पाटी वाचल्यावर कोण उतरेल गाडीतून? आणि मी तर तेव्हा आईच्या पोटात होतो. मी त्याला बघितलेलं पण नाही.”

“मी बघितलंय,” लुएला म्हणाली. “खिडकीतून. गाडी थांबव.”

दुकान आलंच होतं. झाडाच्या खोडावर ठोकलेली मोठी पिवळी पाटी लांबूनच दिसायची: गोड पीच. मांडीवरची कापडाची घडी काखेत मारून लुएला काठी टेकत उतरली. तिनं घडी उलगडली, कापड त्या पिवळ्या पाटीवर टाकलं आणि त्याचीच दोरी खोडाभोवती फिरवून घट्ट गाठ मारली. ऑटिसला तिला अडवता आलं असतं. त्यानं अडवलं नाही.

रस्त्यावरून एक भरलेली गाडी आली. झाडापाशी जरा हळू झाली आणि पुढं निघून गेली.

“असं काय करतेस, ताई?” ऑटिस म्हणाला. “आता येणाऱ्या-जाणाऱ्याला कळायचं कसं, इथं काय आहे ते?”

“चौकात आहे की पाटी,” लुएला म्हणाली. “दीड मैलावर. तिथं वाचतील.”