बाद

"जेवण वाढलंय. आत या ना," शालन परत म्हणाली.

उंबऱ्याबाहेर मांडी घालून बसलेला तिचा नवरा हलला नाही. "शाले, मी बाद आहे. आपल्यातलं कुणी गडी टिपून आलं, तरच मला आत येता येईल."

एकेकाळी तालुक्यात त्याच्यासारखी पकड कुणाची नव्हती. चढाईला आलेल्याच्या पायांत तो सूर मारून घुसायचा. डोक्याला गुडघे लागून कितीदा शुद्ध हरपली, पण तोंडावर पाणी मारलं की गडी पुन्हा मैदानात. त्या मारानं मेंदू आतून झिजत चाललाय आणि त्यावर औषध नाही, असं डॉक्टर म्हणाले. शालननं मग आपलाच एक उपाय काढला होता.

तिनं पदर खोचला. "कबड्डी कबड्डी" म्हणत अंगण ओलांडलं आणि तुळशीला दिवा लावणाऱ्या शेजारच्या वहिनींच्या खांद्याला हात लावला. वहिनी रोजच्या सवयीनं मुकाट बाजूला झाल्या. शालन दम न सोडता परत फिरली. एवढं झालं, की तो खुशीत उठायचा आणि पाटावर येऊन बसायचा.

आज तो तिच्याकडे एकटक बघत होता. ती उंबऱ्याशी पोचताच त्यानं झेपावून तिचा घोटा धरला. ती कोसळली. पकड जराही सैल होईना.

"अहो, सोडा. मी शालन."

"दम सुटला तुमचा, बाई," तो म्हणाला. "तुम्ही बाद."

मग पाय सोडून तो आपणहून आत जेवायला गेला. शालन उंबऱ्याबाहेरच बसून राहिली.