घटकाभर जादा
आरामखुर्चीतून अच्युतरावांना कमवायचं होतं ते एवढंच: शेजारच्या कर्णिकांची घटकाभर जादा सोबत. बायको गेल्यापासून डोंबिवलीच्या दोन खोल्यांत रेडिओ तेवढा बोलायचा. कर्णिक संध्याकाळी गाणं ऐकायला येत, पण ट्रंकेवर बसून पाठ धरली की निघत. अच्युतरावांनी कल्याण गाठलं. “बसलेल्या माणसाला उठावंसं वाटणार नाही, अशी खुर्ची द्या.” “घरात कुणी आजारी?” दुकानदाराने विचारलं. “आहे की, मीच!” खुर्ची भलतीच गुणाची निघाली. अच्युतरावांच्या लाडक्या पुरिया रागाच्या पहिल्याच आलापाला कर्णिक घोरू लागले. जाग आली तर जातील, म्हणून अच्युतरावांनी रेडिओ बारीक करत बंदच केला. दाराशी कर्णिकवहिनी आल्या. “भावोजी, संपलं का गाणं? पानं वाढलीत.” दार लोटत अच्युतराव कुजबुजले, “वहिनी, आत्ताच कुठे रंगलंय.” घोरणारी का होईना, सोबत जमेला आली, खुर्चीपायी अच्युतरावांचं गाणं खर्ची पडलं.