दोन्हीकडच्या खुणा

अपघाताच्या आधी त्याने मोटरसायकलसाठी हौसेने मागवलेले, चेनचा ताण जुळवणारे अ‍ॅडजस्टर तो दवाखान्यात असताना घरी येऊन पडले होते. पाच महिन्यांनी त्याने ते बसवायला काढले, म्हणजे बायकोला बसवायला लावले. त्याची चाकांची खुर्ची तिने गाडीजवळ आणली आणि स्वतः फरशीवर बसकण मारली.

"आधी मागच्या चाकाचा नट सैल कर. डावीकडे गं, डावीकडे!"

नट हलेना, तशी ती पान्यावर उभीच राहिली. तो खो खो हसला, पाच महिन्यांत पहिल्यांदा. त्या हसण्यापायी तिने जुने काढून मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मच्या दोन्ही टोकांना नवे अ‍ॅडजस्टर बसवले. पाय आता कधीच चालणार नाहीत, हे डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं. तिने त्याला ताकास तूर लागू दिली नव्हती.

"दोन्हीकडच्या खुणा सारख्या आहेत?"

"डावी केसभर पुढे आहे."

"मग परत सैल कर. चाक तिरकं राहिलं तर चेन झिजते."

तिने तीनदा सैल केलं, तीनदा आवळलं. शेवटी खुणा जुळल्या.

"झालं एकदाचं मनासारखं?" काळ्या हातांनीच कपाळ पुसत ती म्हणाली. "बरा झालास की आधी कुठे जायचं, बोल."

त्याने वाकून बोटाने चेनचा ताण बघितला.

"उद्या गिऱ्हाईक येतंय गाडी बघायला," तो म्हणाला. "डॉक्टरांनी मला तुझ्या आधीच सांगितलं होतं. तू रोज इतकं हसून बोलायचीस, की मला सांगवेनाच."